दंड सोळा इंच, तरी पोरगं म्हणतं 'मी बारीक'

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात जिमला जाणारं पोरगं असेल तर वाचाच.

तालमीत आरशाचं काम नव्हतं. लाल माती आणि समोर जोडीदार. अंग किती फुगलं यापेक्षा डाव किती बसला, हे वस्ताद बघायचे. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे आपले खाशाबा जाधव 57 किलो गटातले!

नुसतं शरीर दाखवायची मोठी स्पर्धा 1901 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. भरवणारा युजेन सँडो. आपल्या सँडो बनियनमधलं नाव त्याचंच. तेव्हा शरीर कमवायचं ते व्यायाम आणि खुराकावरच. 1958 मध्ये अमेरिकेत डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी आली आणि निसर्गानं घातलेली मर्यादा मोडली.

मग खेळणीही फुगली. अमेरिकेतला 'जी. आय. जो' हा सैनिक बाहुला खऱ्या माणसाएवढा धरला, तर 1973 मध्ये त्याचा दंड सुमारे 12 इंच भरायचा. 1998 च्या बाहुल्याचा 26 च्या वर! हे मोजलं हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. त्याआधी 1993 मध्ये त्यांनी 108 बॉडीबिल्डर तपासले होते. त्यातले 9 जण पिळदार असूनही स्वतःला किडकिडीत समजत होते. 1997 मध्ये या आजाराला 'मसल डिसमॉर्फिया' नाव मिळालं. 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे.

बाहुला अमेरिकेत राहिला, पण तसली शरीरं आता आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये आहेत. आमच्या तालुक्यातला एक पोरगा मला म्हणाला, "दादा, सख्ख्या बहिणीच्या हळदीला गेलो नाही, वर्कआउट चुकला असता." दंड सोळा इंच. उन्हाळ्यातही अंगात फुल बाह्यांचा शर्ट. का, तर 'बारीक दिसतो'.

व्यायाम वाईट नाही, रोज जिमला जाणं हा आजारही नाही. पण सारखं आरशात बघणं, एक दिवस चुकला की जीव कासावीस होणं, अंग लपवणं, लग्नकार्य-नोकरी सोडणं, गुपचूप इंजेक्शन घेणं, ही लक्षणं आहेत. स्टेरॉइडनं हृदयावर ताण येतो, मूल होण्यात अडचण येते. आणि ती एकदम बंद केली तर माणूस नैराश्यात जातो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सोडायची.

अशा पोराला "कसला मर्द तू" म्हणून हिणवू नका. "चांगला दिसतोस की" म्हणूनही भागत नाही, त्याला ते खरंच वाटत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. बोलून आणि औषधानं यात फरक पडतो. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा.