सत्ता, जबाबदारी आणि एका वाक्याचा इतिहास : ‘स्पायडर-मॅन’ चित्रकथेपासून चित्रपटांपर्यंत

१

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जून २०१५ रोजी ‘किंबल विरुद्ध मार्व्हल’ या खटल्याचा निकाल दिला. वादाचा विषय एक खेळणे होता. कोळ्याने जाळे फेकावे त्याप्रमाणे हातातून फेसाचा धागा सोडणाऱ्या या खेळण्याच्या पेटंटची मुदत संपल्यावरही त्याबद्दलचे मानधन मागता येते काय, असा प्रश्न होता. १९६४ च्या एका निर्णयानुसार ते मागता येत नव्हते, आणि तो जुना निर्णय फिरविण्यास न्यायालयाने नकार दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला. पूर्वीचा निर्णय रद्द करण्याची सत्ता न्यायालयास आहे, परंतु ती जपूनच वापरली पाहिजे, हे सांगताना त्यांनी हवाला दिला तो एका चित्रकथेचा. मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारीही आली पाहिजे, अशा आशयाचे ते वाक्य आज जगभर परिचित आहे.

हे वाक्य ‘स्पायडर-मॅन’च्या बेनकाकांचे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. न्यायालयाच्या हवाल्यात मात्र काकांचा निर्देश नाही. तेथे स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांच्या १९६२ मधील मूळ कथेचा निर्देश आहे, आणि तो अचूक आहे. हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले, पुढे ते कोणाच्या तोंडी गेले आणि या स्थलांतरात त्याचा अर्थ कसा बदलला, याचा मागोवा घेतला असता या कथामालेतील ओळख, जबाबदारी व त्याग या तिन्ही कल्पनांचा परस्परसंबंध उलगडतो.

२

‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या पंधराव्या अंकावर ऑगस्ट १९६२ ही तारीख आहे. मासिकाचा तो शेवटचा अंक होय. त्यातील अकरा पानांच्या कथेत पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधील पोरका विद्यार्थी आपल्या काका-काकूंजवळ राहतो. किरणोत्सर्गी कोळी चावल्याने त्याच्या अंगी विलक्षण शक्ती येते. तिचा उपयोग तो प्रथम पैसा व प्रसिद्धी यांसाठी करतो. समोरून पळणाऱ्या चोराला तो अडवीत नाही, कारण ते आपले काम नव्हे असे त्याला वाटते. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा खून करतो.

तोपर्यंतच्या अतिमानवी नायकांच्या कथांत ही रचना नवी होती. १९३८ मध्ये अवतरलेला ‘सुपरमॅन’ आपली खरी ओळख लपवितो, परंतु त्याच्या सत्कृत्यांच्या मुळाशी अपराध नाही. पीटरच्या सत्कृत्यांच्या मुळाशी अपराध आहे, आणि तोही काही न केल्याचा अपराध आहे.

कथेच्या अखेरच्या चित्रात पीटर पाठमोरा, अंधारातून एकटा चालत जाताना दिसतो. ते प्रसिद्ध वाक्य येथे येते. पण ते कोणाही पात्राच्या तोंडी नाही. ते निवेदकाच्या चौकटीत आहे. काकांनी ते उच्चारलेले नाही आणि पीटरच्या कानावरही ते पडलेले नाही. त्याला हे सत्य उमगले, एवढेच निवेदक वाचकास सांगतो. शिवाय त्याचे क्रियापद विध्यर्थी आहे. सत्तेबरोबर जबाबदारी आपोआप येते असे तेथे म्हटलेले नाही. ती आली पाहिजे असे म्हटले आहे. म्हणजेच ती न येण्याचा संभव निवेदकाने गृहीत धरला आहे, आणि कथेत घडलेही तसेच आहे.

विचार अर्थातच जुना होता. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, ही भूमिका लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आढळते. १९०६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात दक्षिण आफ्रिकेसंबंधी बोलताना चर्चिल यांनी सत्ता व जबाबदारी यांचे प्रमाण याच धर्तीवर मांडले होते. या पूर्वपरंपरेत वाक्याचा रोख राज्यकर्ते, धनी व अधिकारी यांच्याकडे होता. १९६२ च्या कथेने तो एका शाळकरी मुलाकडे वळविला. तरीही वाक्य निर्वैयक्तिकच राहिले. तो नियम होता, कोणाची आज्ञा नव्हती.

३

पुढील दशकांत हे वाक्य हळूहळू काकांचे मानले जाऊ लागले. या समजुतीला पक्के रूप दिले ते मे २००२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या सॅम रेमी दिग्दर्शित ‘स्पायडर-मॅन’ या चित्रपटाने. पटकथा डेव्हिड केप यांची होती. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत अकरा कोटी डॉलर्सहून अधिक उत्पन्न मिळविणाऱ्या या चित्रपटाने कथेचे हे नवे रूप कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले.

चित्रपटात काळानुरूप काही बदल झाले. अणुयुगातील किरणोत्सर्गी कोळ्याच्या जागी जनुकीय प्रयोगातून निपजलेला कोळी आला. मूळ कथेत पीटर चोराला केवळ बेपर्वाईने सोडतो. चित्रपटात कुस्तीचा आयोजक ठरलेल्या ३००० डॉलर्सऐवजी १०० डॉलर्स हातावर ठेवतो व जी बेपर्वाईची भाषा वापरतो, तीच भाषा पीटर क्षणभराने त्याला परत करतो. घेतलेले शब्द परत करण्याची ही युक्ती पुढेही उपयोगी पडते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा बदल वाक्याच्या वक्त्यासंबंधीचा आहे. बेनकाका मोटारीत बसून पुतण्याला हे वाक्य ऐकवितात. वडील असल्याचा आव आणू नका, असे पीटर त्यांना तोडून बोलतो. आणि त्याच रात्री काका मारले जातात. निवेदकाचा नियम अशा रीतीने वडीलधाऱ्याचा अखेरचा उपदेश होतो. तो ऐकला गेला, अव्हेरला गेला आणि मग वारसा म्हणून स्वीकारावा लागला. याच वेळी क्रियापदही बदलले. विध्यर्थाच्या जागी केवळ वस्तुस्थिती सांगणारा साधा वर्तमानकाळ आला.

या स्थलांतराने कथेला मोठा लाभ झाला, यात शंका नाही. आपण कोण, या प्रश्नाने चित्रपटाचा आरंभ होतो आणि आपण स्पायडर-मॅन आहोत, या उत्तराने शेवट होतो. या दोहोंच्या मध्ये काकांचे वाक्य उभे आहे. अखेरीस मेरी जेनचे प्रेम नाकारताना पीटर ते मनाशी आठवतो. त्याची ओळख त्या वाक्यातून सिद्ध होते आणि त्यागाची प्रेरणाही तेथूनच येते. परंतु लाभाबरोबर हानीही झाली. १९६२ मध्ये जबाबदारी सत्तेच्या स्वरूपातूनच निर्माण होत होती. २००२ मध्ये ती मृताचे ऋण बनली. ज्याच्या हाती सत्ता आहे, पण ज्याच्या मनावर असे ऋण नाही, त्याने कशाने बांधून घ्यावे, याचे उत्तर या मांडणीत सापडत नाही.

४

२००४ मधील ‘स्पायडर-मॅन २’ या चित्रपटाचे महत्त्व येथे आहे. लढण्याचा कंटाळा येऊन पीटर आपला पोशाख कचऱ्यात टाकतो, हे कथाबीज जुलै १९६७ च्या चित्रकथेतून घेतले आहे. चित्रपटाने मात्र त्याभोवती ऋण फेडण्याचा सगळा प्रश्न उभा केला. कल्पनेत भेटलेल्या बेनकाकांचा पुढे केलेला हात पीटर धरीत नाही; म्हणजे तो वारसा नाकारतो. त्यानंतर तो मेकाकूंपुढे कबुलीजबाब देतो की काकांच्या मृत्यूस आपण कारण झालो. काकू आपला हात काढून घेतात व काही न बोलता उठून जातात. या दृश्यात मुखवटा नाही, पराक्रम नाही. केवळ घडलेल्या गोष्टीबद्दल जबाब देणे आहे. त्यागापूर्वी जबाब द्यावा लागतो, ही गोष्ट चित्रपटाने येथे अचूक हेरली आहे.

यापुढील पायरी रेल्वेच्या प्रसंगात येते. भरधाव गाडी थांबविताना पीटरच्या तोंडावर मुखवटा नसतो. तो बेशुद्ध पडल्यावर उतारू त्याला हातांवर उचलून आत घेतात, आणि हा तर आपल्या मुलाच्या वयाचा, असे त्यांच्या ध्यानी येते. दोन मुले मुखवटा परत देतात व गुपित राखण्याचे वचन देतात. मग तेच उतारू त्याच्या रक्षणासाठी शत्रूसमोर उभे राहतात. पहिल्या चित्रपटात न्यूयॉर्कचे नागरिक शत्रूवर हाताला येईल ते फेकतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जोडलेले ते दृश्य नगराच्या एकजुटीचे होते. गाडीतील दृश्य त्याहून खोल आहे. जबाबदारी ज्यांच्याविषयी घ्यावयाची ते जिवंत लोक येथे प्रथमच पीटरला तोंडावर ओळखतात, आणि ती ओळख जपण्याची जबाबदारी स्वतः उचलतात. ऋणाच्या जागी परस्परबंधन येते.

शेवटही याच दिशेने जातो. बुद्धी ही मानवहितासाठी वापरावयाची देणगी आहे, असा उपदेश शास्त्रज्ञ ऑक्टेव्हियस यांनी पूर्वी पीटरला केलेला असतो. आपल्याच यंत्रभुजांच्या आहारी गेलेल्या त्यांना पीटर त्यांचेच शब्द परत करतो, आणि ते आपले विनाशकारी यंत्र नदीत बुडवून स्वतःही बुडतात. वडिलांकडून आलेला उपदेश धाकट्याकडून वडिलांकडे परत जातो. तो उपदेश कोणा एका घराण्याची मालमत्ता उरत नाही.

५

डिसेंबर २०२१ मधील ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ या चित्रपटात वाक्याने पुन्हा वक्ता बदलला. आता ते मेकाकू मृत्यूपूर्वी उच्चारतात, आणि विध्यर्थ परत येतो. निरनिराळ्या विश्वांतून आलेले पीटर एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखतात ते या वाक्यावरून: एकाने आरंभ करावा व दुसऱ्याने पूर्ण करावे. संस्कृत नाट्यपरंपरेत अंगठी जे अभिज्ञानाचे कार्य करते, ते येथे एक वाक्य करते. अखेरीस पीटर आपली आठवणच जगातून पुसून टाकावयास सांगतो. स्पायडर-मॅन सर्वांना माहीत राहतो, पीटर मात्र कोणालाच आठवत नाही. ओळखीचाच त्याग करण्यापर्यंत कथा येऊन पोहोचते.

मराठी भाषकांचा या इतिहासाशी थेट संबंध आला तो २०२३ मध्ये. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांतून प्रदर्शित झाला. पीटर पार्कर या नावाच्या ध्वनिसाम्यावर बेतलेला, २००४ च्या भारतीय चित्रकथेतील मुंबईकर पवित्र प्रभाकर त्यात मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या नगरात वावरतो. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात जिव्हाळ्याच्या माणसाचा मृत्यू घडलाच पाहिजे, असा सिद्धान्त या चित्रपटातील एक पात्र मांडते. पवित्रच्या नगरात ठरलेला असा मृत्यू माइल्स मोरालेस टाळतो आणि आपल्या वडिलांच्या बाबतीतही हा सिद्धान्त मानण्यास नकार देतो. २००२ च्या चित्रपटाने मृत्यू व जबाबदारी यांची जी गाठ घातली, तिच्यावरच येथे प्रश्नचिन्ह लावले आहे.

या ठिकाणी शब्दाची साक्ष घेणे उचित ठरेल. मराठी ‘जबाबदारी’ या शब्दाच्या पोटात अरबी ‘जवाब’ आहे, आणि त्याला फारसी ‘दार’ हा प्रत्यय लागला आहे. इंग्रजी शब्दाचे मूळही उत्तर देणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. दोन्ही भाषांच्या दृष्टीने जबाबदार तो, जो विचारले असता उत्तर देतो. कोणाला उत्तर द्यावयाचे, हे मात्र शब्द सांगत नाही. ते प्रत्येक काळाला ठरवावे लागते. १९६२ च्या कथेने ते ठरविण्याचे काम वाचकावर सोपविले, २००२ च्या चित्रपटाने मृत काकांचे नाव सांगितले, २००४ च्या चित्रपटाने गाडीतील अनोळखी उतारूंकडे बोट दाखविले. न्यायालयाने १९६२ चेच रूप उद्धृत केले, हे लक्षणीय आहे. संस्थांना मेलेले काका नसतात. त्यांना बांधू शकतो तो केवळ विध्यर्थ.