किल्ली कोणाच्या हातात? दुष्काळी मजुरीपासून तातडीच्या मदतीपर्यंत

१६ जुलै २०२२ रोजी बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात पंतप्रधानांनी ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि बघता बघता तो आपल्याही तोंडी बसला. शिष्यवृत्तीवर पदवी घेतलेली, वसतिगृहात राहून शिकलेली आपलीच पोरं आज ‘फुकट खाऊन लोक आळशी झाले’ असे संदेश पुढे ढकलतात. काही जण त्याला स्वाभिमानाचा मुलामा देतात. बाबासाहेबांनी आपल्याला हात पसरायला शिकवलं नाही, असं सांगतात. दुसरीकडे आपल्यातलेच काही कार्यकर्ते एखाद्या नेत्याने खात्यात पैसे टाकले म्हणून त्याच्या आभाराचे फलक लावतात.

वरवर ही दोन टोकं वाटतात. पण दोघांचं गृहीतक एकच आहे. सरकार देतं ते सरकारच्या खिशातलं दान आहे, असं दोघंही मानतात. हे गृहीतक आलं कुठून आणि ते कोणी मोडलं, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

एकच अधिकारी, दोन दुष्काळ

१८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला. मदतकार्याची जबाबदारी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याकडे होती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक होता. सरकारने ब्रह्मदेशातून जहाजं भरून तांदूळ आणला, कामं काढली, काम करू न शकणाऱ्यांना धान्य वाटलं. माणसं मोठ्या प्रमाणावर वाचली. म्हणजे दुष्काळात माणसं मरणं हे काही निसर्गाने लिहून ठेवलेलं नसतं. सरकारने खर्च केला तर ती वाचतात, हे तेव्हाच सिद्ध झालं.

पण टेंपलच्या वाट्याला शाबासकी आली नाही. इतका पैसा उधळलाच कशाला, म्हणून इंग्लंडमधून त्याच्यावर टीकेची झोड उठली. नेटिवांना सरकारच्या मदतीची सवय लावली, हा आरोप होता. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने रेवडी वाटली.

तीनच वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाखा १८७६-७८ च्या महादुष्काळात सापडला. आता व्हाइसरॉय लिटन होता. पाहणीला पाठवला गेला तो पुन्हा टेंपलच, आणि या वेळी खर्च आटोक्यात ठेवण्याच्या सूचनेसह. त्याने मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढं धान्य. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीवर माणूस जगू शकत नाही असं सांगत विरोध केला, तेव्हा कुठे ती मागे घ्यावी लागली. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली तेव्हा हजारो मजुरांनी कामं सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या दुष्काळात ब्रिटिश मुलखातल्या बळींचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो.

या बळींत पहिले कोण होते? ज्याच्याकडे जमीन नाही आणि कणगीत दाणा नाही, तो. पीकच बुडालं की बलुतं बुडालं आणि बलुतं बुडालं की महार-मांगांच्या घरची चूल विझली. त्याच काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्राश्रम चालवला. सावित्रीमाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र याच दुष्काळाचं आहे. फुले दाम्पत्याने मुलं जगवली, हे त्यांचं थोरपण. पण समाजसेवकाच्या ओंजळीने दुष्काळ मागे हटत नाही. त्यासाठी खजिनाच उघडावा लागतो, आणि तो उघडायचा की नाही हे लिटन-टेंपल ठरवत होते.

संहिता आली, हक्क आला नाही

एवढी माणसं मेल्यावर सरकारने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे नवे कर बसवून दुष्काळासाठी दरवर्षी दीड कोटी रुपयांची तरतूद करायचं ठरवलं. दुसरी म्हणजे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून १८८३ साली दुष्काळ संहिता तयार केली. टंचाई कशी ओळखायची, कामं कधी काढायची, अपंगांना आणि वृद्धांना घरपोच मदत कशी द्यायची, याचे नियम पहिल्यांदा कागदावर आले.

पण दीड कोटींचं काय झालं ते पाहा. अफगाण युद्धाचा खर्च अंगावर आल्यावर ती तरतूद बाजूला पडली. दुष्काळाच्या नावाने कर गोळा झाला आणि तिजोरीत आल्यावर त्याचं नाव पुसलं गेलं. दादाभाई नौरोजींसारख्यांनी यावर सरकारला धारेवर धरलं. ‘निधी वळवणे’ हा शब्द आपण आज रोज वाचतो. त्याची सुरुवात एवढी जुनी आहे.

संहितेतही एक मोठी मेख होती. ती अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली सूचनावली होती. कलेक्टरने टंचाई मान्य केली तरच काम सुरू होणार. उपाशी माणसाला स्वतःहून ‘मला काम द्या, तुम्ही बांधील आहात’ असं म्हणता येत नव्हतं. कुलूप सरकारचं होतं आणि किल्लीही सरकारकडेच होती.

बाबासाहेबांनी प्रश्न कसा फिरवला

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांनी अर्थशास्त्रात नेमकं काय पाहिलं हे कमी सांगतो. १९१५ चा कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थकारणावर होता. नंतरचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. कर कोणाकडून येतो आणि खर्च कोणावर होतो, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थी असल्यापासून धरून ठेवला होता.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं. हा भुर्दंड कोणी सोसायचा, असा विरोधकांचा सूर होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली. विधेयकाला पाठिंबाही दिला. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री म्हणून त्यांनी खाण कामगार बायांच्या प्रसूती लाभापासून कामगारांच्या आरोग्य विम्याच्या पायाभरणीपर्यंत हीच दिशा ठेवली.

लक्षात घ्या, त्या बायांना कोणी ‘लाभार्थी’ म्हणून हार घातला नाही. कायद्याने त्यांचं देणं ठरवलं. स्वाभिमानाचा अर्थ इथे कळतो. हात पसरणं आणि थकलेलं देणं मागणं यांत फरक आहे. बाबासाहेबांनी पहिलं सोडायला सांगितलं, दुसरं नाही.

बुद्धाच्या कूटदंत सुत्तातही हेच आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या तर राजाने शिक्षा वाढवू नये; शेतकऱ्याला बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावं, असा सल्ला त्यात येतो. राज्याच्या खर्चाची ही आपली परंपरा आहे.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण, अपंगत्व अशा प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क लिहिला गेला. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत गेला, आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही अटही जोडली गेली. न्यायालयात तो मागता येत नाही. ही तत्त्वं धाब्यावर बसवणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं. म्हणजे हा जाब विचारण्याचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे.

१९७२: किल्ली मजुराकडे

१९७२ हे दलित पँथरच्या स्थापनेचं साल आणि महाराष्ट्राच्या सर्वात भीषण दुष्काळांपैकी एकाचंही. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यात बायांचा वाटा मोठा होता आणि भूमिहीन दलितांचाही. सुकडी खाऊन खडी फोडलेली ती पिढी आपल्या आजी-आजोबांची आहे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक लहान प्रयोग झाला होता. दुष्काळाने आणि कामासाठी निघालेल्या मोर्चांनी तो राज्यभर नेला. १९७५ साली व्यवसाय कर आला, तो रोजगार हमीचा पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो कापायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची, अशी रचना होती. आजही पगारपत्रकात तो दिसतो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. १९७७ साली रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

या कायद्याने दुष्काळ संहितेची ती मेख उपटली. आता कलेक्टरने टंचाई जाहीर करण्याची वाट पाहायची नाही. मजुराने नमुना ४ भरून काम मागितलं की पंधरा दिवसांच्या आत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे क्षुल्लक होता आणि तोही क्वचितच कोणाच्या हाती पडला. पण किल्ली पहिल्यांदा मजुराकडे आली. २००५ साली देशाने कायदा केला तेव्हा शंभर दिवस, पंधरा दिवसांची मुदत आणि बेकार भत्ता यांमागे हाच अनुभव होता.

म्हणजे मदत हक्क होते ती तीन गोष्टींनी. मागणाऱ्याच्या अर्जाने घड्याळ सुरू झालं पाहिजे. पैसा वेगळा राखलेला पाहिजे. आणि मुदत चुकली तर कोणावर तरी जबाबदारी पडली पाहिजे. रक्कम किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

आजचे हिशोब याच तीन मापांनी मोजा

निराधार योजना घ्या. १९८० पासून ती चालू आहे, पण शासन निर्णयावर. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१ हजार रुपये राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांत अख्खं घर चालतं असा दाखला तलाठ्याकडून आणायचा. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. आपल्या आयाबहिणींनी ते पैसे जरूर घ्यावेत. पण ज्या म्हातारीला कोणी नाही तिला २१ हजारांची अट आणि निवडणुकीच्या वर्षातल्या योजनेला अडीच लाखांची, हा हिशोब कोणी केला, हे विचारलं पाहिजे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला ६० ते ७९ वयाच्या माणसासाठीचा वाटा तर २००७ पासून महिना २०० रुपयांवर अडकून आहे. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथल्या बाया हयातीच्या दाखल्यासाठी आणि आधार जोडणीसाठी घालतात त्या खेट्यांच्या रिक्षाभाड्यातच ते संपतात.

राखीव पैशाचं माप घ्या. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखण्याची पद्धत १९७९-८० पासून आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने त्यासाठी २०१३ साली कायदा केला. महाराष्ट्रात मागणी जुनी आहे, पण इथे हा पैसा कायद्याच्या कुंपणाशिवाय राहिला. परिणाम काय? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. लिटनचं अफगाण युद्ध आठवा. लाभार्थ्यांत आपल्याही बाया आहेत, हे उत्तर पुरत नाही. त्यांना तो पैसा सर्वसाधारण खजिन्यातून नागरिक म्हणून मिळायला हवा. वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून नव्हे. कर्नाटकात कायदा असूनही हा निधी सरकारच्या गॅरंटी योजनांकडे गेला, म्हणजे कायदा झाल्यावरही पहारा लागतोच.

मुदतीचं माप अत्याचारग्रस्तांच्या मदतीला लावा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, २०१६ च्या सुधारणेनंतर, नियम १२(४) सांगतो की जिल्हाधिकाऱ्याने सात दिवसांच्या आत तातडीची मदत द्यायची. त्यात अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार, प्रवासखर्च येतो. खून झाला असेल तर सव्वाआठ लाखांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि उरलेली दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. निकालाची वाट पाहायची नाही. गाव सोडावं लागलेल्या कुटुंबाला निकाल नंतर लागतो, भाकर आधी लागते. बहिष्कार टाकलेल्या गावात किराणा बंद होतो तेव्हा ही सात दिवसांची ओळच आधार असते. पण बहुतेक कुटुंबांना ती ओळ माहीत नसते, आणि साहेबांनी कृपा केली असं त्यांना वाटत राहतं.

म्हणून कार्यकर्त्यांनी निषेधाच्या निवेदनाबरोबर नियम १२(४) चा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि सात दिवस मोजावेत. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, तिची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागावीत. काम मागताना तोंडी न मागता नमुना ४ भरून तारखेची पावती घ्यावी. आणि अनुसूचित जाती उपयोजनेच्या कायद्याची मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी.

टेंपलच्या काळात उपाशी माणसाच्या हातात पावती नव्हती. आपल्या हातात आहे. ती न वापरता एकमेकांना ‘फुकटे’ म्हणत बसलो, तर किल्ली आपणच परत देऊ.

जय भीम!