फ्रीमेसनरीतील प्रतीके

फ्रीमेसनरीतील प्रतीके : फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेत नीतिविषयक शिकवण देण्यासाठी योजिलेली, मुख्यत्वे गवंडीकामातील हत्यारे व वास्तुरचना यांवरून घेतलेली चिन्हे. या प्रतीकांचे स्थूल अर्थ दीक्षाविधीत सांगितले जातात. परंतु त्यांवर अखेरचे भाष्य करणारे धर्मपीठासारखे कोणतेही अधिकारपद संघटनेत नाही. प्रत्येक सभासदाने आपली श्रद्धा व अनुभव यांच्या आधारे त्यांचा अर्थ स्वतः लावावा, अशी अपेक्षा असते. अर्थाची ही मोकळीक तत्त्वतः इंग्‍लंडमध्ये मान्य झाली. पण तिची खरी कसोटी लागली, ती एकोणिसाव्या शतकात मुंबई व कलकत्ता यांसारख्या बहुधर्मीय शहरांत.

संघटनेचा उगम मध्ययुगीन पाथरवटांच्या संघांशी जोडला जातो. लंडनमधील चार लॉज (शाखा) १७१७ मध्ये एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले, असे परंपरेने मानण्यात येते. अलीकडील काही संशोधक मात्र ही घटना १७२१ मधील समजतात. जेम्स अँडरसनने सिद्ध केलेल्या १७२३ च्या नियमसंहितेत सभासदांवर पंथविशेषाचे बंधन न घालता, सर्व सज्जनांना मान्य होईल एवढाच धर्म पुरेसा मानला आहे. १८१३ मध्ये इंग्‍लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजांचे एकीकरण झाल्यानंतर विधींतील खास ख्रिस्ती उल्लेख बहुतांशी वगळण्यात आले. सर्वश्रेष्ठ अशा ईश्वरी शक्तीवरील विश्वास ही अट मात्र कायम राहिली. तिला ‘विश्वाचा महान स्थापती’ असे संबोधण्यात येते.

प्रतीकांपैकी धर्मग्रंथ, गुण्या व कंपास ही तीन प्रमुख होत. गुण्या सदाचरणाचा, तर कंपास वासनांना घातलेल्या मर्यादेचा निदर्शक आहे. पाणसळ समतेचे व ओळंबा सरळ वर्तनाचे चिन्ह मानतात. चोवीस इंची मोजपट्टी दिवसाच्या चोवीस तासांची विभागणी ईश्वरचिंतन, उद्योग, परोपकार व विश्रांती यांत करण्यास सुचविते. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरसबंदी जीवनातील सुखदुःखांची, तर कवटी मृत्यूची आठवण देते. जेरूसलेम येथील सॉलोमनच्या मंदिराची उभारणी ही या सर्वांची पार्श्वभूमी होय. अनघड दगड व घडीव दगड ही जोडी विशेष अर्थपूर्ण आहे : नवागत हा अनघड दगड असून हातोडी व छन्नी यांच्या साहाय्याने त्याने स्वतःस घडवावयाचे असते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण जाणणाऱ्या मराठी माणसास हे प्रतीक परके वाटण्याचे कारण नाही.

भारतात पहिले लॉज कलकत्त्यास सु. १७३० मध्ये स्थापन झाले. मुंबईत १७५८ मध्ये लॉज निघाले. तथापि दीर्घकाळपर्यंत ही मंडळे प्रायः यूरोपीयांचीच होती. मुंबईचे माणेकजी करसेटजी (१८०८–८७) यांना यूरोपीय सभासदांच्या विरोधामुळे येथे प्रवेश मिळू शकला नाही आणि त्यांनी पॅरिसमधील एका लॉजमध्ये दीक्षा घेतली. ज्या संघटनेचे प्रतीक पाणसळ, तिच्याच दारात वंशभेद आडवा यावा, ही विसंगती स्कॉटिश परंपरेतील प्रांतिक प्रमुख डॉ. जेम्स बर्न्‍स यांना जाणवली. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन झाले व त्यात पारशी आणि मुसलमान सभासद घेण्यात आले.

हिंदूंच्या बाबतीत वाद अधिक काळ चालला. मूर्तिपूजा करणारा मनुष्य एकाच परमेश्वरावर विश्वास ठेवतो काय आणि त्याने कोणत्या ग्रंथावर शपथ घ्यावी, असे प्रश्न उपस्थित झाले. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये केलेली विनंती नाकारली गेली. ती मान्य होण्यास १८७२ साल उजाडले. पुढे १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त (स्वामी विवेकानंद) यांनी कलकत्त्यातच दीक्षा घेतली. इच्छुकाने स्वतःच्या धर्मग्रंथावर शपथ घ्यावी, हा प्रघात रूढ झाला आणि भारतीय लॉजमध्ये बायबलबरोबर भगवद्‌गीता, कुराण, अवेस्ता व गुरुग्रंथसाहिब यांनाही स्थान मिळाले.

प्रतीकांचा आपल्या परंपरेतून अर्थ लावण्याचे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे प्राच्यविद्याविशारद खरशेदजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९) यांचे होय. झरथुष्ट्री धर्मीय व फ्रीमेसनरी या विषयावरील त्यांचे व्याख्यान १८७६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. दीक्षितास दिला जाणारा शुभ्र ॲप्रन निष्कलंकतेचा द्योतक. सदरा व कुस्ती धारण करणाऱ्या पारशाला त्यात नवजोत विधीचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. तीच वस्तू ख्रिस्ती सभासदास कोकराच्या कातड्यामुळे येशूच्या त्यागाची आठवण देऊ शकते. दोहोंपैकी एक अर्थ चुकीचा ठरविण्याची सोय या व्यवस्थेत नाही.

या मोकळिकीवर आक्षेपही घेण्यात आले. पोप बाराव्या क्लेमेंटने १७३८ मध्ये कॅथलिकांना सभासदत्वाची मनाई केली व १९८३ मध्ये व्हॅटिकनने तिचा पुनरुच्चार केला. प्रतीकांचे व्यक्तिसापेक्ष अर्थ सत्यालाच सापेक्ष ठरवितात, असे प्रतिपादन त्यानंतरच्या विवेचनात आढळते. गुप्ततेमुळे सामान्य लोकांतही गैरसमज पसरले : लॉजच्या वास्तूस ‘जादूघर’ म्हणण्याचा प्रघात मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंगच्या किम (१९०१) या कादंबरीत नोंदविलेला आहे. समतेच्या तत्त्वालाही मर्यादा होत्या. लॉजमध्ये एका फरशीवर उभे राहणारे राज्यकर्ते व प्रजाजन बाहेर पडताच पुन्हा विषम होत. स्त्रियांना तर मुख्य परंपरेत अद्यापि प्रवेश नाही.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्ली येथे ग्रँड लॉज ऑफ इंडिया या स्वायत्त संस्थेची स्थापना झाली. काही लॉजांनी मात्र ब्रिटिश बेटांतील मातृसंस्थांशी असलेले संबंध कायम ठेवले. मुंबईत फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉल हे या चळवळीचे पश्चिम भारतातील प्रमुख केंद्र होय. प्रतीक एक आणि अर्थ अनेक, या तत्त्वाचे मोल मुंबईच्या इतिहासावरून ध्यानात येते : ज्याला अर्थ लावण्याचा अधिकार आहे, त्याला प्रवेश नाकारणे तर्कास धरून नाही, हे मान्य करून घेण्यास येथील सभासदांना अनेक दशके झगडावे लागले.