पेर्सापेनचं भाषांतर

चंद्रपूरला शाळेत माझ्या बाकावर एक गोंड मुलगा बसायचा. त्याच्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मीही तिथेच लुडबुडत होतो. पहिला प्रश्न आला, "तुमचे देव किती?" मला वाटलं, देवघरातल्या मूर्ती मोजतात की काय! उत्तर मिळालं, "सात." पाहुणे सहा देवांचे होते, म्हणून बोलणी पुढे सरकली. तेही सातचेच निघते तर चहा पिऊन उठले असते. सारख्या आकड्याचे लोक भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही.

या शनिवारी फ्यूरर-हायमेनडॉर्फचं शेजारच्या आदिलाबादमधल्या राजगोंडांवरचं १९४८ चं पुस्तक चाळताना हे आठवलं. तिथेही चार, पाच, सहा आणि सात अशीच विभागणी. आणि प्रत्येक कुळाचा पेर्सापेन. मूर्ती नाही, लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी, बस्स.

आता गंमत बघा. गोंडीत 'पेन' म्हणजे देव, 'पेर्सा' म्हणजे मोठा. हिंदीत झाला बडादेव. मराठीत कराल तर? महादेव! शब्दकोशाप्रमाणे सगळं बरोबर, पण देव थेट कैलासावर जाऊन बसला. आमच्या धंद्यात याला पदवीच्या रकान्यात नाव भरणं म्हणतील.

हे इतरत्रही झालंय. ज्यू लोक वाचताना देवाचं मूळ नाव उच्चारत नाहीत, 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' म्हणतात. ग्रीक भाषांतरात तेच 'क्यूरिऑस' झालं. अरबी बोलणारे ख्रिस्तीही देवाला 'अल्लाह'च म्हणतात. पण ज्यूंच्या पोथीत मूळ अक्षरं शाबूत आहेत, केव्हाही परत जाता येतं. गोंडांच्या देवांच्या कथा परधानांच्या गळ्यात आणि किंगरीवर. ते गाणं थांबलं की उरतं फक्त भाषांतर.

अर्थात कुणी फसवून नेलं असंही सरसकट म्हणवत नाही. चंद्रपुरात महाकालीचं देऊळ गोंड राणी हिराईनंच बांधलं. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत गोंडही असतातच.

असो. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना आकडे ठरलेले होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं. देशभरात दहा लाखांहून जास्त लोकांनी 'गोंडी' लिहवलं. माझ्या मित्राकडे प्रगणक आले तेव्हा म्हणाले, "बडादेव म्हणजे महादेवच ना? मग हिंदू." हा अडून बसला, "नाही, गोंडी लिहा." तर आतून बायको म्हणाली, "माझं हिंदूच लिहा जी, मी मार्कंड्याले जातो." जनगणनेत धर्म माणसागणिक लिहितात, घरागणिक नाही. प्रगणकांनी त्याच्यापुढे 'गोंडी' लिहिलं, तिच्यापुढे १ आकडा टाकला, आणि विचारलं, "आता पोरांचं काय लिहू?"