कंपनीच्या दफ्तरातील आपले नाव

आपल्याविषयी दुसऱ्याने काय लिहून ठेवले आहे, हे पाहावयास मागण्याचा अधिकार मनुष्यास असावा की नाही, हा प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. बँक, विमा कंपनी, दूरध्वनीची कंपनी, मोबाइलवरील दुकान अशा नाना ठिकाणी आपले नाव, वय, कर्ज, आजार आणि खरेदी यांच्या नोंदी साठत असतात. त्या दाखवा म्हणून पत्र पाठवावे, तर अनेकदा उत्तरच येत नाही. हा सारा प्रकार यंत्रयुगाची देणगी आहे असे आपण समजतो. पण सातारा व सांगली या जिल्ह्यांतील वाचकांस तरी तो सर्वस्वी नवा वाटू नये. एका कंपनीने एका पुरुषाविषयीचे कागद त्याच पुरुषापासून झाकून ठेवावे, आणि त्याच कागदांच्या आधारे त्यास घराबाहेर काढावे, हे या भूमीत एकदा घडून गेले आहे. ती कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, आणि तो पुरुष म्हणजे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांच्या बंदोबस्तात असलेले महाराज कंपनीच्या हातून साताऱ्याच्या गादीवर बसले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेली जत व डफळापूर ही संस्थाने तेव्हा साताऱ्याच्या जहागिरी होत्या. आजचा सांगली जिल्हाही साताऱ्यातूनच निघालेला आहे. १९४९ साली तो ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा या गादीची हकीकत दोन्ही जिल्ह्यांच्या घरची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जहागिरींवरील हक्कासंबंधाने महाराज व मुंबई सरकार यांत वाद पडला. हे प्रकरण विलायतेस डायरेक्टरांकडे पाठवावे, असा महाराजांचा आग्रह होता; मुंबईकडून मात्र दिरंगाईखेरीज काही पदरी पडेना. गंमत अशी की, त्याच सुमारास, १८३५ अखेर, डायरेक्टरांनी महाराजांच्या राज्यकारभाराची स्तुती करणारे पत्र व एक रत्नजडित तलवार त्यांजकडे पाठविण्याचे ठरविले होते. मुंबई सरकारने ती दोन्ही अडवून ठेवली. मनुष्याविषयीचा निंदेचा कागद लपविला जातो हे आपण जाणतो. येथे स्तुतीचा कागदही धन्याच्या हाती पडला नाही.

१८३६ साली महाराजांवर किटाळ आले. पलटणीतील देशी सुभेदारांस त्यांनी फितविण्याचा यत्न केला, असा तो आरोप होता. लॉडविक, विलोबी व ओव्हन्स या तिघांचे गुप्त कमिशन साताऱ्यास बसले. पुढे आरोप वाढत गेले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी खलबत आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, ही आणखी दोन कलमे जोडली गेली. त्यांचा पुरावा जमविण्यात दोन वर्षे गेली, पण ज्याच्याविरुद्ध तो जमविला त्याच्यासमोर खुल्या चौकशीत तो कधी मांडला गेला नाही. दोषारोपांचा व पुराव्याचा मजकूर आपणास द्यावा, म्हणजे आपण उत्तर करू, एवढीच महाराजांची मागणी होती. तिला उत्तर मिळाले ते मौनाचे.

१८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. तहाचा भंग आपल्या हातून झाला असे कबूल करणाऱ्या लेखावर महाराजांनी सही करावी, म्हणजे मागचे विसरून गादी राखू, अशी त्याची बोली होती. एका सहीने राज्य वाचत होते. ती सही महाराजांनी दिली नाही. जो पुरावा पाहिला नाही तो मान्य करून राज्य राखण्यापेक्षा त्यांनी राज्य सोडणे पत्करले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी ते पदच्युत झाले. प्रथम साताऱ्याजवळच्या लिंब गावी आणि तेथून काशीस त्यांची रवानगी झाली. गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब बसले.

आता प्रश्न असा की, कंपनीने ऐकले नाही तर दाद मागावी कोठे? न्यायासनाचे दार जवळजवळ बंद होते. रायगडचा किल्लेदार नारो गोविंद औटी याच्या जप्त द्रव्याबद्दल मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याजवर झालेल्या दाव्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने फिर्यादीस न्याय दिला होता. प्रिव्ही कौन्सिलने १८३० साली तो निकाल फिरविला. युद्धाच्या ओघात झालेली जप्ती साध्या दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरची ठरली. कंपनी व्यापारी म्हणून नफा घेई, आणि जबाब देण्याची वेळ आली की राजा होऊन बसे.

एक खिडकी मात्र उघडी राहिली होती, आणि ती कंपनीच्या स्वतःच्याच घटनेत होती. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाउसात भागधारकांची सभा भरे. पाचशे पौंडांचा भाग असणारास तेथे बोलता येई, हजार पौंडांच्या मालकास मत मिळे, आणि असे नऊ भागधारक एकत्र आले की खास सभा मागता येई. साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी ही खिडकी ओळखली. सुमारे चौदा वर्षे ते लंडनात राहिले. जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे वक्ते भागधारकांच्या सभेत, आणि जोसेफ ह्यूम पार्लमेंटात, हे प्रकरण सतत उकरीत राहिले. त्यांच्या मागणीचा गाभा एकच होता: कागद बाहेर काढा.

आणि कागद बाहेर आले. १८४० नंतरच्या काही वर्षांत सातारा प्रकरणाची जाडजूड बाडे छापली गेली. जे महाराजांस मागून मिळाले नव्हते ते विलायतेतील कोणीही वाचू लागला. त्यांतून पुराव्याचे अंतरंग उघडे पडले. दिवाण गोविंदराव यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नावावर आलेला एक अर्ज दोष शाबीत करण्यात फार वजनदार ठरला होता. तो लिहिणारा कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा निराळाच इसम निघाला. वेळीच तो कागद महाराजांपुढे ठेवला असता, तर हे कळावयास लंडन गाठावे लागले नसते.

पण सत्य छापले गेले म्हणून राज्य परत आले नाही. महाराज १८४७ साली काशीस वारले. १८४८ साली शहाजी निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. ज्याने निकाल दिला त्याच कंपनीपुढे अपील, कागद देण्यास मुदत नाही, आणि न देणारास दंड नाही. अशा ठिकाणी हक्क नुसता शब्दात राहतो. साताऱ्याच्या प्रकरणाचा हा खरा धडा आहे.

या धड्याच्या कसोटीवर आजचा कायदा घासून पाहावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपण संमती देऊन जी माहिती एखाद्या कंपनीच्या हवाली केली, तिचा गोषवारा, तिचा उपयोग आणि ती आणखी कोणास दिली त्यांची नावे मागण्याचा हक्क त्याच्या ११ व्या कलमाने दिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी या कलमाचा अंमल त्यानंतर अठरा महिन्यांनी ठेवला असून तक्रारीच्या निवारणास जास्तीत जास्त नव्वद दिवसांची मुदत घातली आहे. प्रथम कंपनीच्याच तक्रार-अधिकाऱ्याकडे जावे. तेथे दाद न लागल्यास माहिती संरक्षण मंडळाकडे, आणि मंडळाचा निर्णय न पटल्यास साठ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे. दंडाची तरतूद कोट्यवधी रुपयांची आहे. मात्र तो सरकारी तिजोरीत जमा व्हावयाचा, तक्रारदाराच्या हाती नुकसानभरपाई म्हणून काही पडावयाचे नाही, आणि या विषयात दिवाणी न्यायालयाचे दारही बंद आहे.

इतर वाटाही आहेत. सरकारी कचेरीतील कागदांसाठी २००५ चा माहिती अधिकार आहे व त्यास तीस दिवसांची मुदत आहे. कर्जफेडीची नोंद पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याच वर्षीच्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने दिला आहे; बँकेने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सेवेतच कसूर झाली असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या रहिवाशास त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

या सर्व वाटांस एक गोष्ट समान आहे. मागणी लेखी हवी, तिच्यावर तारीख हवी, आणि पोचपावती जपून ठेवलेली हवी. मौन हा पुरावा होतो, पण केव्हा? प्रश्न विचारल्याचा कागद आपल्याजवळ असेल तेव्हा. रंगो बापूजींपाशी फौज नव्हती, खजिना नव्हता. तारीखवार अर्ज आणि त्यांची न आलेली उत्तरे एवढीच त्यांची शिदोरी. तेवढ्यावर त्यांनी जगातील सर्वांत बलाढ्य कंपनीस आपले दफ्तर उघडावयास लावले. राज्य गेले, पण महाराजांच्या नावावरील किटाळाचा खरेखोटेपणा पुढील पिढ्यांस ज्या कागदांवरून ठरविता आला, ते कागद या चिकाटीनेच आपल्यापर्यंत पोचले आहेत.