अन्नपूर्णा : खाणावळवाल्या बायकांची पन्नास वर्षांची वाटचाल

मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळात गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळमध्ये, राहणारा कामगार बहुधा एकटा असे. बायकामुलं कोकणात किंवा घाटावर, आणि हा चाळीतल्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर. त्याच्या जेवणाची सोय त्याच चाळीतली एखादी बाई करी. तीन पाळ्यांच्या माणसांना जेवू घालायचं, म्हणजे पहाटे पेटलेली चूल रात्री उशिराच विझायची. खाणावळीचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे, तोवर तांदूळ, डाळ, तेल वाण्याकडून उधारीवर. वाणी भाव चढा लावी आणि माल हलका देई. उधारी असल्यामुळे बाईला बोलता येत नसे. आजारपण किंवा लग्न निघालं की सावकार, आणि मग मंगळसूत्रही गहाण पडायचं. एवढा मोठा व्यवसाय सांभाळणाऱ्या बाईचं नाव ना युनियनच्या वहीत होतं, ना बँकेच्या.

1974 साली गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. पगार बंद होता, तरी खाणावळवाल्यांनी ताटं बंद केली नाहीत. संप टिकला त्यात या ताटांचा वाटा मोठा होता. संप मिटल्यावर कामगार कामावर गेले. बायकांच्या माथी वाण्याची उधारी राहिली. गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव हे जवळून पाहत होत्या. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या कम्युनिस्ट कार्यकर्तीने एक सरळ प्रश्न विचारला : कामगारांसाठी भांडायला युनियन आहे, त्यांना जेवू घालणाऱ्यांसाठी कोण भांडणार?

त्या प्रश्नातून 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, सभा-परिषदांची धामधूम होती. गिरणगावातल्या बायकांची मागणी मात्र अगदी नेमकी होती : वाण्याला रोख पैसे देता येतील एवढं भांडवल हवं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना कर्ज देणं हे बँकांचं कर्तव्य ठरलं होतं. पण बँक तारण मागे, आणि यांचं सोनं आधीच सावकाराकडे. तेव्हा बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. पहिल्या खेपेला 14 जणींना कर्ज मिळालं. एकीचा हप्ता थकला तर गटातल्या बाकीच्या दारात उभ्या राहत. तिची अडचण खरी असेल तर सांभाळूनही घेत. जिला अंगठा उठवण्याची सवय होती ती सही शिकली. रोखीने घेतलेला माल स्वस्त पडू लागला, आणि त्याच ताटातून चार पैसे मागे राहू लागले.

हप्त्याच्या निमित्ताने बायका जमत, आणि जमल्या की हप्त्यावर थांबत नसत. नवऱ्याचं दारू पिणं, मारहाण, घरात आणलेली दुसरी बाई, मुलीचं अर्धवट सुटलेलं शिक्षण, हे सगळं तिथे बोललं जाई. कुणाच्या घरी मारहाण झाली तर चारजणी मिळून जाऊन जाब विचारीत. आजवर ‘घरातली गोष्ट’ म्हणून गिळलेलं दुःख मंडळाच्या कामाचा भाग झालं. माझ्या मते अन्नपूर्णेचं सर्वांत मोठं काम हेच आहे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचा कणाच मोडला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यांतले कित्येक कायमचे गावी परतले. खाणावळींची गिऱ्हाइकंच गेली. अशा वेळी नुसतं कर्ज पुरणारं नव्हतं. मंडळाने कार्यालयांना जेवण पुरवणं, खाद्यपदार्थ बनवून विकणं असे नवे मार्ग धरले. दादरला स्वयंपाकघर चाललं, तर वाशीत प्रशिक्षण आणि निवाऱ्याची सोय झाली. 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या मेधा पुरव सामंत यांनी 1993 पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच काम रुजवलं. कर्जाला बचत, विमा आणि पाळणाघरांची जोड दिली.

आज घरबसल्या डबे करणाऱ्या बाईला फोनवर ऑर्डर मिळते आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारातही येतो. पण तो एकटीच्या दारात येतो आणि हप्ता घेऊन जातो. गॅस महागला, पैसे बुडाले, घरात हात उगारला गेला, तर ती कुणाकडे जाणार? अन्नपूर्णेत कर्जाच्या आधी बायका एकत्र आल्या होत्या, म्हणूनच ते कर्ज त्यांना पेललं. बायकांना पतपुरवठा करणाऱ्या प्रत्येक योजनेने आधी त्यांना बसायला, बोलायला आणि एकमेकींसाठी उभं राहायला जागा द्यावी. गिरणगावच्या बायकांनी हे करून दाखवलं आहे.