शारदा सदनाचा पैसा कुठून आला?

निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांचे नाव हुजूरपागेशी (१८८४) जोडले जाते. शारदा सदनाशी असलेला संबंध कमी सांगितला जातो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे कामी आले. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवतही. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना अमेरिकेला बोलावले, पुस्तकाला प्रस्तावनाही दिली. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. गावोगावची मंडळे वर्गणी जमवत. हमी दहा वर्षांची. त्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढे पुण्याला हलले. शाळेत धर्मप्रसार करायचा नाही, असे ठरले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बॉस्टनची मदत मात्र थांबली नाही.